हिलाल कंडक्टरची गरमी

कौसाबाईनं आपल्या नवऱ्याला कधी शिवी दिली नाही. तशी गरजच पडली नाही. "आमच्या घरचे" असं म्हणताना तिचा खालचा ओठ किंचित पुढे यायचा, आणि समोरच्या बाईला जे कळायचं ते शिव्यांची लाखोली वाहूनही कळलं नसतं.

ती प्रकाशाच्या पाटलांची. बाप तापीच्या पात्रात आडवं घोडं घालणारा. भाऊ असे की नंदुरबारच्या मिरचीबाजारात त्यांनी भाव बोलावा आणि व्यापाऱ्यानं तो निमूट लिहून घ्यावा. अशा घरची पोर दोन कोसांवरच्या गावी हिलालला दिली, कारण त्याच्या घरची जमीन काळी होती आणि थोरला भाऊ दोधू गावचा पोलीस पाटील होता. अंतरपाट दूर झाला तेव्हा नवरदेव नवरीकडे न बघता भटजीकडे बघत होता. आता मी काय करू, असं विचारल्यासारखा. कौसाबाईनं नवऱ्याची किंमत तिथंच केली आणि पुढं अठरा वर्षांत ती वाढवावी असं काही घडलं नाही.

दोधू एक दिवस म्हणाला, "तू शिकेल शेस, नोकरी धर. जमीन मी देखस." हिलालनं मान हलवली आणि वाट्याची जमीन भावाच्या हाती सोडून एस.टी.त कंडक्टर झाला. नंदुरबारहून विसरवाडीवरून नवापूर, आणि परत. खाकी कपडे त्याच्या अंगावर खुंटीला टांगल्यासारखे दिसत. कंडक्टरच्या जागेवर एखादा दांडगा उतारू बसला तर हा नवापूरपर्यंत उभा राही. तिकिटाला भोक पाडायच्या चिमट्याचा आवाजसुद्धा दुसऱ्या कंडक्टरांचा ठणठणीत, याचा कसा माफी मागितल्यासारखा. घरी चहात साखर कमी पडली तर तो तसाच चहा पिऊन कप विसळून ठेवायचा.

"विसळून ठेवतात," कौसाबाई सांगायची, आणि ओठ पुढे यायचा.

या माणसाला एकच व्यसन होतं. तो विडी ओढत नव्हता, मोहाची घेत नव्हता, पत्त्यांना हात लावत नव्हता. त्याला सुई टोचून घ्यायला आवडायचं.

सुई भिकन डॉक्टरची. हा भिकन मूळचा ब्राह्मणपुरीकडचा. शहाद्याला एका खऱ्या डॉक्टरकडे त्यानं काही वर्षं बाटल्या धुतल्या, आणि तिथून निघाला तो एक कातडी बॅग, एक काचेची पिचकारी आणि 'डॉक्टर' ही पदवी घेऊनच निघाला. गावानं त्याला डोक्यावर घेतलं. गोळी दिली की लोकांना फसवल्यासारखं वाटे. सुई टोचली, दुखलं, रक्ताचा टिपका आला की औषध लागू पडलंच. ताप आला सुई, अंग मोडून आलं सुई, मूल होत नाही सुई, पोरगं नापास झालं तरी सुई. बाजाराच्या दिवशी भिकनच्या ओट्यावर रांग लागायची. एक पिचकारी, एक सुई. एकाच्या दंडातून काढली की स्पिरिटच्या बोळ्यानं पुसली आणि दुसऱ्याच्या दंडात घातली. बोळा सकाळी पांढरा असायचा, दुपारी विटकरी. सुई बोथट झाली की भिकन ती फरशीवर घासून धार लावायचा आणि लोक कौतुकानं बघत.

हिलाल आठवड्याला ताकदीची लाल सुई घ्यायचा. कौसाबाई एकदा त्या ओट्यावरून पाणी घेऊन चालली होती. बाया उभ्या होत्या, त्यांना ऐकू जाईल अशा बेतानं म्हणाली, "बैलसले डाग देतस तशी लाइन लायेल शे. बैल तरी लाथ मारस."

एका वर्षी गावात कावीळ आली. हिलालला झाली, आणखी पाच-सहा जणांना झाली, सुताराची बायको त्यातच गेली. सगळे भिकनच्या रांगेतले. पण तेव्हा ते कुणाच्या ध्यानात आलं नाही, आणि आलं असतं तरी कुणी बोललं नसतं. डोंगरातल्या एका बाबाकडून काविळीची माळ आणली; ती गळ्यात घातली की रोज लांब होते म्हणतात, तशी ती लांब झाली. बाकीचे बरे झाले. हिलाल बरा झाला असं सगळ्यांनी ठरवलं. पण त्याच्या डोळ्यांच्या कडेची पिवळी झाक पुरती गेली नाही. सांधे दुखायचे, उजव्या बरगडीखाली जड वाटायचं, विसरवाडीच्या चढावर बस घोंघावायला लागली की त्याला उभ्या उभ्या डुलकी लागायची. भिकननं निदान केलं, कमजोरी. उपाय, सुई.

शेवटी डेपोतून सांगणं आलं की प्रकृती दाखवून या. दोधूला धुळ्याला कोर्टाचं काम होतं, तो बरोबर गेला.

तिथं काय झालं ते कौसाबाईला दोधूकडूनच कळलं, आणि दोधूनं ते ओसरीवर उभं राहून, शेजारच्या दोन घरांना पुरेल एवढ्या आवाजात सांगितलं. डॉक्टर तरुण होता, सोनेरी काड्यांच्या चष्म्याचा. त्यानं रक्त घेतलं, दोन दिवसांनी बोलावलं, आणि हिलालकडे न बघता दोधूकडे बघून म्हणाला, "यांच्या रक्तात गरमी निघाली आहे. बाईबाजी करतात का?" हिलाल "नाही साहेब" म्हणाला, पण इतक्या हळू, की डॉक्टरनं ते हो धरलं. पोलीस पाटलानंही तेच धरलं. परतीच्या बसमध्ये दोधू भावापासून चार बाकं दूर बसला.

"घरनं नाक कापं यानी," दोधू म्हणाला. "विसरवाडीना मुक्काम. ट्रकवाल्यासना अड्डा. माले आधीच समजाले पाहिजे व्हतं."

दोधूला आधी काहीच समजत नसे. गावात चोरी झाली की तो आधी ज्याची चोरी झाली त्याला धरायचा. पण या वेळी गाव त्याच्या पाठीशी उभं राहिलं. गरमी हा शब्द गावाला फार दिवसांनी मिळाला होता, आणि लोकांनी तो उसाच्या कांड्यासारखा चघळला. भिकन डॉक्टर म्हणाला की मी नाडीवरून पहिल्याच दिवशी ओळखलं होतं, पण घराण्याची अब्रू म्हणून बोललो नाही. कौसाबाईची जाऊ सुंदरबाई, म्हणजे दोधूची बायको. तिनं हिलालचं ताट, पेला आणि पाट वेगळा करून गोठ्याच्या भिंतीत खिळा ठोकून तिथं ठेवला.

"पोरंसोरं शेत घरमा," ती म्हणाली. "जपेल बरं."

हिलाल गोठ्यात जाऊन जेवला आणि ताट विसळून ठेवलं.

दुपारी कौसाबाई गोठ्यात गेली. तो वासराजवळ खाली बसला होता. तिनं सरळ विचारलं, "कोनाकडे गयथात?"

हिलालनं जमिनीकडे पाहिलं. पायाच्या अंगठ्यानं शेण उकरलं.

कौसाबाई त्याच्याकडे बघत राहिली, आणि तिला हसू आलं. ते सुटकेचं हसू नव्हतं. ज्या माणसाला स्वतःच्या बायकोला हाक मारायची तर आधी खाकरावं लागतं, तो परक्या बाईच्या दाराशी जाऊन उभा राहील? काय म्हणेल? तिला ते चित्र डोळ्यांपुढं आणूनही जुळेना. हिलाल शुद्ध चारित्र्याचा आहे असं तिला मुळीच वाटत नव्हतं. तिचं मत एवढंच होतं, की चारित्र्य बिघडवायला लागतं ते त्याच्याजवळ नाही.

दुसऱ्या दिवशी ती नदीवर धुणं घेऊन गेली. बायांची कुजबुज थांबली. कौसाबाईनं दगडावर लुगडं आपटलं आणि बोलायला लागली.

"इचारा ना माले. मांगे मांगे कसाले बोलतस? मन्हा मालक बाईकडे गयात म्हने. त्यास्ले चहामा साखर कमी पडनी ते सांगानी लाज वाटस. त्या कोना दारनी कडी वाजाडतीन?"

कुणी तरी म्हातारी म्हणाली, "माय, डॉक्टरनी रगत देखेल शे. रगत खोटं बोलस का?"

"डॉक्टरनी रगत देखं. मी मानूस देखेल शे," कौसाबाई म्हणाली. "तेवढी हिंमत त्यास्नामा ऱ्हाती, ते मी गावमा पेढा वाटती."

बाया हसल्या, पण पटलं कुणालाच नाही. बायको नवऱ्याची बाजू घेते ती प्रेमानं किंवा भीतीनं. तुच्छतेनं कुणी बाजू घेतल्याचं त्यांनी पाहिलं नव्हतं. त्यांनी अर्थ काढला की बिचारी झाकतेय.

पंधरा-वीस दिवसांनी वीरसिंग ड्रायव्हर घरी आला. हिलालच्याच गाडीवरचा. मोठ्या मिशांचा, मोठ्या आवाजाचा, सगळ्या ढाब्यांवर ओळख असलेला. हिलाल रजेवर होता म्हणून केळ्यांचा फणा घेऊन समाचाराला आला. बाहेर हिलालच्या पाठीवर थाप मारून म्हणाला, "काय सरदार, कव्हय येस ड्युटीवर?" आत चुलीपाशी बसलेल्या कौसाबाईच्या हातातली भाकर थांबली. अठरा वर्षांत तिच्या नवऱ्याला कुणी सरदार म्हटलेलं तिनं ऐकलं नव्हतं.

वीरसिंग चहा प्यायला आत डोकावला तेव्हा तिनं विचारलं, हे सरदार काय आहे? तो जरा ओशाळला आणि मग मिशीत हसला. डेपोत सगळ्यांना कळलं होतं. आधी कुणाचा विश्वास बसला नाही. मग हिलाल रजेचा अर्ज द्यायला आला तेव्हा सगळ्यांनी त्याला गराडा घालून विचारलं, कोण रे ती, विसरवाडीची का नवापूरची?

"मंग? मन्हा मालक काय बोलनात?"

"काहीच नही बोलना, वैनी. नुसता हासना. लई आतल्या गाठना मानूस."

वीरसिंग गेल्यावर कौसाबाई गोठ्यापाशी गेली. आजवर तिनं नवऱ्याला पुष्कळ वेळा क्षुद्र मानलं होतं, पण आज तिला तो नव्यानं क्षुद्र वाटला. तो नाही म्हणू शकला असता. ओरडून नाही, पायांवर डोकं ठेवून नाही, साध्या आवाजात. आणि तो हसला.

"नही कसाले म्हनं नही?"

हिलाल वासराच्या कानाशी चाळा करत म्हणाला, "डेपोमा माले कोन्ही नाव लिसन बलावे नही. 'ए टिकीट' म्हनेत. आते 'सरदार, ये, बठ' म्हनतस. खाटवर जागा देतस."

"आनि गावमा गोठामा जेवतस."

"ते शेच."

"मंग पोरनं लगन मोडनं ते बी सरदारकीमाच धरानं का?"

हिलालनं मान वर केली. त्याला ते माहीत नव्हतं. त्याच सकाळी निरोप आला होता. त्यांची मुलगी रंजना, सोळाची. तिचं तळोद्याकडच्या एका शेतकरी घरात ठरलं होतं, मुलगा एकदा बघायला आला तेव्हा तिनं दाराआडून त्याला पाहिलं होतं आणि तेव्हापासून ती गाणं गुणगुणत दळण दळत होती. मुलाच्या बापानं सांगून पाठवलं की रोगाचं घर आम्हाला नको.

हिलालच्या चेहऱ्याचा रंग आधीच पिवळा होता. आता त्यातलं उरलंसुरलंही गेलं. कौसाबाईनं पदर झटकला आणि ती निघून गेली.

पुढलं वर्ष वाईट गेलं. भिकननं गरमीचा इलाज म्हणून सुयांचा सपाटा लावला. दोधूनंच सांगितलं होतं, घराणं शुद्ध व्हायला पाहिजे. हिलाल दंड पुढं करायचा. अंग सुकत गेलं आणि पाय सुजत गेले. एका सकाळी तो तोंड धुताना रक्ताची गुळणी टाकून खाली बसला. कौसाबाईनं दोधूला विचारलं नाही, भिकनला तर नाहीच. माहेराहून भाऊ बोलावला आणि नंदुरबारहून सुरतेची गाडी धरून नवऱ्याला थेट मुंबईच्या मोठ्या इस्पितळात नेलं. "मरनार ते मरतीन," ती भावाला म्हणाली, "पन भिकनना हातखाल नही मरू देवाव."

इस्पितळात हिलाल महिनाभर होता. तिथले डॉक्टर पारशी, टकलू, दाढी वाढलेली, डगल्यावर चहाचे डाग. कौसाबाईला प्रथम ते डॉक्टरच वाटले नाहीत. पण त्यांनी हिलालला "बाबा, आत्ता दुखेल हां" असं सांगून बरगडीतून सुई घातली आणि यकृताचा बारीकसा तुकडा काढून तपासला. त्याचं रक्त किती तरी वेळा घेतलं, कौसाबाईचंही घेतलं. तिचं कोरं निघालं. हिलालच्या रक्ताचा एक नमुना त्यांनी कुठल्याशा खास तपासणीसाठी बाहेरगावी पाठवला. तोही कोरा आला. मग त्यांनी तिला समोर बसवलं. नवापूरकडे त्यांचे कुणी नातेवाईक होते, आणि गुजराती मिसळलेली मराठी ते अगदी सावकाश बोलायचे.

"बेन, ह्याला गरमी-बरमी काय नाय. कधी नव्हती. ह्याचं लिव्हर खराब आहे. जुनी कावीळ, आत दबा धरून बसलेली."

"धुयाना डॉक्टरनी रगतमा देखी," कौसाबाई म्हणाली.

"ती जी परीक्षा करतात ना, ती गरमीचा जंतू बघतच नाय. जंतू शरीरात शिरला की शरीर त्याच्याशी लढायला रक्तात काही पदार्थ तयार करते. परीक्षा तेवढा पदार्थ बघते. गरमीत तो होते. पण लिव्हरची सूज वर्षानुवर्ष राहिली, तर कधी कधी शरीराचं डोकं फिरते. बाहेरच्या दुश्मनाशी लढता लढता ते आपल्याच अंगाशी लढाई मांडते. आपल्याच मांसाविरुद्ध, आपल्याच चरबीविरुद्ध असले पदार्थ करते. ह्याच्या रक्तात तसे दोन-तीन प्रकारचे सापडले. म्हणून सांधे दुखते. म्हणून परीक्षा खोटी बोलते. हे आम्हालाबी आत्ता आत्ता कळायला लागलं आहे. सगळं नाय कळलं."

कौसाबाईला ते पुरतं समजलं नाही, पण आपल्याच माणसाला धरणारा कसा असतो ते तिनं घरात पाहिलं होतं. "आम्हना गावना पोलीस पाटील बी तसाच शे," ती म्हणाली. "चोर सोडीसन घरनाले धरस."

डॉक्टर हसले. मग गंभीर होऊन त्यांनी विचारलं, "सुया घेतल्या काय ह्यानं? पुष्कळ?"

ती सगळं बोलली. रांग, बोळा, फरशीवरची धार. डॉक्टरांनी चष्मा काढून डोळे चोळले. त्या काविळीचं विष अजून कुणाला डोळ्यांनी दिसलेलं नाही, ते म्हणाले, पण सुईतून ते एका रक्तातून दुसऱ्या रक्तात जातं हे नक्की. "त्या रांगेतल्या सगळ्यांना तपासायला पाहिजे. किती लोकांच्या पोटात असेल, कोणाला ठाऊक." बरं करणारं औषध आमच्याकडं नाही, हेही त्यांनी सांगितलं. मीठ कमी, दारू नाही, सुई नाही, विश्रांती. "चार-पाच वर्ष. जास्त मिळाली तर देवाची."

खाटेवर पडलेला हिलाल हे ऐकत होता. गरमी नव्हती म्हटल्यावर कौसाबाईनं त्याच्याकडे वळून पाहिलं. तिला वाटलं होतं तो रडेल, निदान हात जोडेल. त्याचा चेहरा किंचित पडला होता. बाजारात पोराच्या हातून कुणी फुगा काढून घ्यावा तसा. तिनं ते पाहिलं, आणि परतीच्या गाडीत सुरतेपर्यंत त्याच्याशी एक शब्द बोलली नाही.

गावात परतल्यावर तिनं जे केलं ते त्या काळी पाटलाच्या घरातली बाई करत नसे. दोधू चावडीवर माणसं घेऊन बसला होता, भिकनही होता. कौसाबाई डोक्यावरचा पदर सावरून चावडीच्या पायरीशी येऊन उभी राहिली. मुंबईच्या डॉक्टरनं सांगितलं ते तिनं सांगितलं. नवऱ्याला गरमी नाही, कधी नव्हती. आहे ती कावीळ, आणि ती भिकनच्या सुईतून आलेली.

भिकन हसला. "मन्ही सुई स्पिरिटमा धोयेल ऱ्हास. मुंबईना डॉक्टरले काय माहीत खानदेश?"

"माहीत नही ना? मंग बरं," कौसाबाई म्हणाली. "ज्यास्नी ज्यास्नी भिकननी सुई लियेल शे, त्यास्नी सकाय धुयाले चाला. रगत द्या. मन्हा मालकनं रगत तुम्ही गावभर चाखं. आते तुम्हनं देखसूत, कोनाकोनाले गरमी निंघस. दोधूआबा, तुम्ही पहिले. तुम्हनी बी दर बाजारले सुई ऱ्हास."

चावडीवर एकानं पागोटं काढून डोकं खाजवलं. सुतार, ज्याची बायको गेली होती, तो खाली मान घालून बसला. दोधूनं घसा साफ केला. मग म्हणाला, "म्हैस दोव्हानी शे," आणि उठला. दुपारचे तीन वाजले होते. म्हैस दोहायची ती वेळच नव्हती. तो उठल्यावर आणखी दोघं उठले. पाहता पाहता चावडी रिकामी झाली. भिकनसुद्धा बॅग उचलून गेला, कुणाला तरी सुई द्यायची होती म्हणे. रक्त खोटं बोलत नाही म्हणणाऱ्या त्या गावात आपलं रक्त कुणाला दाखवायचं नव्हतं.

कौसाबाई एकटी पायरीवर उभी राहिली. तिला राग आला नाही. यांच्याकडून तिनं दुसरी कसली अपेक्षा केली नव्हती. घरी येऊन तिनं गोठ्याच्या भिंतीतला खिळा उपटला, ताट-पेला स्वयंपाकघरात आणून सगळ्या भांड्यांत मिसळून टाकला, आणि सुंदरबाईला म्हणाली, आता ओळखून वेगळा काढ.

मुंबईची बातमी फिरत फिरत तळोद्याकडे पोचली. मुलाच्या बापानं कुणाच्या तरी तोंडी विचारणा केली, अजून तुमची इच्छा आहे का. कौसाबाईनं निरोप्याला ओसरीवर बसूही दिलं नाही. रोगाचं घर म्हणून गेलेल्या माणसांना परत दारात घेण्याइतकी आमची पोर स्वस्त नाही, सांग त्यांना. रंजना दाराआड होती. तिनं जात्यावरचं दळण अर्धं सोडलं आणि माडीवर जाऊन पडली. दोन दिवस जेवली नाही, तिसऱ्या दिवशी जेवली, पण गुणगुणणं थांबलं ते थांबलंच. कौसाबाईच्या ते लक्षात आलं. पण लक्षात येणं वेगळं आणि मागं फिरणं वेगळं.

आठवड्यानं हिलाल सकाळी उठून, सुजलेल्या पायांत चपला अडकवून बाहेर पडला. डेपोत चाललो म्हणाला. रात्री परत आला नाही. दुसऱ्या दिवशी वीरसिंगच्या गाडीनं आला, आणि स्वयंपाकघराच्या उंबऱ्यापाशी उभा राहून खाकरला.

"लगन ठरनं," तो म्हणाला. "वैशाखमा."

तो तळोद्याकडे गेला होता. मुलाच्या बापाच्या ओट्यावर दिवसभर बसला. कुणी आत बोलावलं नाही तरी बसला, दिलं ते पाणी प्यायला. कौसाबाईनं विचारलं, लाज नाही वाटली? भिकाऱ्यासारखं दुसऱ्याच्या ओट्यावर?

"वाटनी," हिलाल म्हणाला. "बठनू तरी."

पुढं लग्नात व्याह्यानंच कौसाबाईला सांगितलं. तो म्हणाला, तुमचे मालक भांडले नाहीत, रडलेही नाहीत. एवढंच म्हणाले, माझ्यावर विश्वास ठेवू नका, मी हसलो ते चुकलो. पण माझ्या बायकोला विचारा. ती मला माणसात धरत नाही. माझी बाजू घ्यायची म्हणून ती खोटं बोलणार नाही. व्याही हे सांगून हसला. कौसाबाईनं त्याला आणखी एक पुरणपोळी वाढली आणि आत गेली. चुलीच्या धुरानं डोळे चुरचुरतात म्हणून ती बराच वेळ बाहेर आली नाही. रंजना सासरी सुखी झाली. मुलगा बरा निघाला. कौसाबाईच्या मते जरा मऊच.

हिलालला डॉक्टरांनी सांगितलेली चार वर्षं मिळाली, वर थोडी. पोटात पाणी भरायला लागलं तेव्हा नोकरी सुटली. तो ओसरीवर पडून असायचा. रस्त्यानं एस.टी. गेली की आवाजावरून गाडी नवापूरची का शहाद्याची ते ओळखायचा, आणि हे ओळखण्यात काही मोठेपणा आहे असं कौसाबाईला कधी वाटलं नाही. ती त्याचे पाय चोळायची. चोळताना बोलायची: मीठ चोरून खाल्लंत ना, मला कळतं. अंग पुसायची, कूस बदलायची, आणि तेही अशा चेहऱ्यानं की बघणाऱ्याला वाटावं हा माणूस आजारी पडला तोही मुद्दाम, हिला त्रास द्यायला.

शेवटच्या उन्हाळ्यात एक दिवस दुपारी, घरात दुसरं कुणी नसताना, हिलालनं तिला थांबवलं.

"रंजनानी माय, एक सांग. खरं सांग. तुले एक दिवस बी शंका ऊनी नही? तव्हय?"

कौसाबाईचा हात त्याच्या पिंढरीवर थांबला. उत्तर तिला माहीत होतं, त्यालाही माहीत होतं. त्याचे डोळे हळदीसारखे झाले होते, आणि तो तिच्या तोंडाकडे बघत होता. भटजीकडे नाही, जमिनीकडे नाही.

"ऊनेल व्हती," ती म्हणाली.

"कव्हय?"

"विसरवाडीले तुम्ही लागोपाठ मुक्काम करात ना, तव्हय. त्या ढाबावर कोन्ही बाई पानी भरस म्हने. दोन दिन माले जेवन गोड लागनं नही."

हिलालनं डोळे मिटले. त्याच्या सुकलेल्या गालांवर काहीतरी हललं. थोड्या वेळानं तो म्हणाला, "तशी काही नव्हती ती."

"माले काय माहीत," कौसाबाई म्हणाली, आणि पुन्हा पाय चोळू लागली. आयुष्यात नवऱ्याशी ती पहिल्यांदाच खोटं बोलली होती, आणि ते तिला इतकं सोपं जावं याचं तिला नवल वाटलं.

तो पंधरा दिवसांनी गेला. दोधू अंगणात येऊन मोठ्यानं रडला, मन्हा राम गया म्हणाला, छाती पिटली. गावानं त्याला धरून बसवलं. बाया म्हणाल्या, देवमाणूस होता, कुणाच्या अध्यात ना मध्यात. कौसाबाईनं सगळ्यांकडे एकदा पाहिलं आणि भिंतीकडे तोंड करून बसली.

दिवसकार्य झाल्यावर ती दोधूकडे जमिनीचा वाटा मागायला गेली आणि घेऊनच आली. भिकनचा धंदा त्यानंतरही वाढला. त्यानं पक्कं घर बांधलं, ओट्यावर पत्र्याचा मांडव घातला, म्हणजे रांगेतल्या लोकांना ऊन लागू नये. दर बाजारी कौसाबाई त्या मांडवावरून शेताकडे जायची. बाया आपले दंड उघडे करून उभ्या असायच्या. कधी कुणी नवी सून तिला विचारायची, मावशी, तू नही लेस सुई? कौसाबाई थांबायची, त्या पोरीला पायांपासून डोक्यापर्यंत बघायची, आणि काही न बोलता पुढं निघून जायची.